चुलीजवळचं दावं

५ जानेवारी

चि. मापाडीस अनेक आशीर्वाद.

फार उशिरा लिहितोय, आधी त्याची माफी असू दे. तुझ्या बाबांना जाऊन आज छप्पन्न दिवस झाले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो होतो, पण कागद पातळ निघाला, शाई पलीकडे उमटायला लागली. मग पेन आणलं. मग गुडघा धरला. लिहायला हात लागतो, गुडघा नाही, असं तू म्हणशील. बाबाही तेच म्हणाले असते.

शेजारच्या शाळेतल्या बाईंनी फोनवरून जावईबापूंना कळवलं आणि तुझ्याकडून निरोप आला, "कळलं." वहिनींनी, म्हणजे तुझ्या आईनं, बाईंना चार वेळा विचारलं, "अजून काही म्हणाली?" बाई काय सांगणार? तुला दोष देत नाही. दोष कुणाचा ते लिहायलाच बसलोय, पण एकदम नाही लिहिता येत.

ते कसे गेले हे तुला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. सकाळी गेले, गोठ्यातच. आता एकच गाय राहिली आहे, काळी, एका शिंगाची. तिच्यापुढे चारा टाकला, उलट्या घमेल्यावर बसले आणि मला म्हणाले, "कडी, जरा पाणी आण." मी पाणी आणलं तेव्हा ते गायीकडे बघत होते, म्हणजे मला तसं वाटलं. त्रास झाला नाही. गाय शांत उभी होती. जनावर शांत असलं की माणसाला त्रास होत नसतो, हे त्यांनीच मला शिकवलं. पाणी मागायच्या आधी त्यांनी मला एक गोष्ट विचारली होती. ती पुढच्या पत्रात लिहीन.

माणसं खूप आली. अंगणात उभं राहायला जागा नव्हती. ज्यांना कधीकाळी गाय दिली, बैल दिला, ते लांबलांबून आले. एक म्हातारा दूधवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "या माणसानं मला लाथाळ गाय दिली. देताना म्हणाला, ही लाथ मारते, उजव्या पायानं, धार संपत आली की. मी घेतली. अकरा वर्षं लाथा खाल्ल्या, बरोबर उजव्याच पायाच्या, धार संपत आल्यावर. तक्रार कुणाकडे करायची?" लोक हसले आणि मग तोच रडायला लागला.

बाजारात त्यांना 'खोडवाले' म्हणत, तुला आठवत असेलच. बाकीचे व्यापारी जनावराच्या पाठीवर थाप मारून गुण गायचे. हे आधी खोड सांगायचे. मारकी आहे, दूध चोरते, पाणी बघून बुजते, जे असेल ते. मी एकदा विचारलं, "मालक, एखादा गुणही सांगावा की." तर म्हणाले, "गुण ज्याचे त्याला दिसतात. खोड मात्र सांगावी लागते." आणि छाती पुढे काढून पुढे म्हणायचे, "खोड सांगून दिलेलं जनावर माझ्या दारात कधी परत आलेलं नाही."

आज इथंच थांबतो. दारची कडी लावली की नाही, बघून येतो.

तुझा कडीकाका


१२ जानेवारी

चि. मापाडीस आशीर्वाद.

मागचं पत्र अजून टाकलेलं नाही. टाकायला गेलो होतो. पेटीपाशी गेल्यावर वाटलं, पाकीट नीट चिकटलं नसेल तर? म्हणून परत आणलं. चिकटलं होतं.

हा माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पण मी तुमच्याकडे कसा आलो, ते तुला कुणी सांगितलं नसेल. मी बाजाराच्या आवारात फाटकावर होतो. बायको नाही, घर नाही, पाचवीपर्यंत शिकलेला, वय तिशीच्या पुढं. एका बाजाराच्या दिवशी मागचं फाटक लागलंय की नाही बघायला गेलो. मागचं लागलेलं होतं. तेवढ्यात पुढचं उघडं राहिलं आणि चाळीस जनावरं रस्त्यावर. त्यात तुझ्या बाबांची नऊ. सगळी मिळाली दुपारपर्यंत, पण माझी नोकरी गेली. व्यापारी मला मारायलाच निघाले होते. बाबा मधे उभे राहिले आणि म्हणाले, "कडी लागली की नाही ते दोनदा बघणारा माणूस मला हवाच आहे. फक्त त्याला एकच फाटक द्यायला पाहिजे."

मला घरी आणलं. वहिनींना दारातच सांगितलं, "हा भित्रा आहे. एक काम तीनदा बघतो, त्यामुळे चौथं राहून जातं. पण चोर नाही." अशी माझी खोड सांगून त्यांनी मला घरात घेतलं. मला इतकं बरं वाटलं, पोरी! ज्याची खोड आधीच सांगून झाली त्याला लपवायला काही उरत नाही. गोठ्याशेजारची खोली दिली. खिडकीची काच फुटलेली होती, ती दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः बसवली. एकतीस वर्षं त्याच खोलीत आहे. हे पत्रही त्याच खिडकीपाशी बसून लिहितोय.

मी त्या घरात काय काय पाहिलं ते सांगू? कितीही लांबचा बाजार असो, ते मुक्कामाला राहिले नाहीत. गाडी चुकली तर मिळेल त्या ट्रकात, जनावरांबरोबर उभं राहून यायचे. आल्यावर बूट बाहेर, मग नळावर कोपरापर्यंत साबण. तुझ्या वेळी वहिनींना गोठ्याचा वास सोसत नव्हता तेव्हा ती सवय लागली, ती शेवटपर्यंत. पुढे, तू शाळेत असताना, त्या आठ महिने अंथरुणाला खिळल्या तेव्हा ते स्वयंपाक करायचे. तू ताट बघून म्हणालीस, "बाबा, हे गायीला घाला." त्यांनी खरंच नेऊन घातलं. गायीनं हुंगलं आणि मान फिरवली. आत येऊन म्हणाले, "तिचंही तुझ्यासारखंच मत आहे." अंथरुणावरून वहिनी इतक्या हसल्या की डॉक्टरांनी दिलेलं औषध सांडलं.

आणि तुझी वेणी. दोर वळायचा हात तो. वेणी अशी घट्ट घालायचे की तुझे डोळे तिरपे व्हायचे. शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली होती, की मुलीची वेणी कोण घालतं, तिला मान वळवता येत नाही. ती चिठ्ठी मीच वाचून दाखवली, कारण त्यांना अक्षर येत नव्हतं, वहिनींनाही येत नाही. दोघांचं सगळं वाचणं-लिहिणं माझ्याकडे होतं. हे लक्षात ठेव. पुढे लागणार आहे.

तू सुतळी घेऊन वासरांच्या छातीची मापं घ्यायचीस म्हणून तुझं नाव मापाडी. बाजारातल्या मापाड्यापेक्षा तुझं माप बरोबर यायचं. ते चारचौघांत सांगायचे, "माझ्या पोरीला विचारा."

हात दुखतोय. खरं म्हणजे हात दुखत नाही.

कडीकाका


१९ जानेवारी

चि. मापाडीस,

आज त्या रविवारचं लिहितो. एकोणीस वर्षं झाली, पण माझ्या बाजूनं तुला कधी कळलं नाही.

तू घड्याळजींना, म्हणजे आताच्या जावईबापूंना, पहिल्यांदा घरी आणलंस. बाबांनी सकाळपासून तीनदा साबण लावला. स्वच्छ शर्ट घातला, त्याची घडी पाठीवर तशीच दिसत होती. जावईबापू आले, बसले. वहिनींनी चहा दिला. मी दारात उभा होतो, कारण खुर्च्या चारच होत्या. मग बाबांनी, बाजारात खोड सांगायच्या आधी करायचे, तसा घसा साफ केला. तो आवाज मला ओळखीचा होता.

म्हणाले, "हे बघा. मुलगी रागीट आहे. सकाळी उठत नाही, उठवावं लागतं. एकदा अडली की चार माणसांनी ढकलली तरी पाऊल टाकणार नाही. आणि आजारी माणसाजवळ बसवू नका, त्याच्याआधी हीच रडते."

तुझा चेहरा पांढराफटक पडला. वहिनी म्हणाल्या, "अहो, काय बोलताय?" तर ते म्हणाले, "मग? उद्या कुणी म्हणायला नको, सांगितलं नाही म्हणून."

तू उभी राहिलीस. "मी काय दावणीची गाय आहे?" म्हणालीस आणि आत गेलीस. दार आपटलंस ते अजून नीट लागत नाही.

पुढचं तू ऐकलं नाहीस. तेच सांगायचंय. जावईबापू रागावले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मलाही सांगायला हवं. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही. आणि लोकांची घड्याळं दुरुस्त करतो, पण स्वतः कुठंही वेळेवर पोचत नाही." बाबा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग इतके हसले! जावईबापू गेल्यावर मला गोठ्यात घेऊन गेले आणि म्हणाले, "कडी, पोरगा फार चांगला आहे. आपली खोड आपण सांगतो. असा माणूस मला अख्ख्या बाजारात भेटला नाही." डोळे पुसत होते.

पोरी, खोड सांगणं हा त्यांचा मान द्यायचा प्रकार होता. दुसरा त्यांना येतच नव्हता. ज्या गिऱ्हाइकावर विश्वास नाही त्याला ते काही सांगत नसत, जनावरच देत नसत. पण तुला हे कुणी समजावलं नाही. चार दिवस तू बोलली नाहीस, तेही बोलले नाहीत. दोघंही अडलेले. ती खोड कुणाकडून आली ते सांगायला नको.

गुरुवारचं उद्या लिहितो. उद्या नक्की.


२० जानेवारी

मापाडी,

आज आशीर्वाद लिहीत नाही. आधी वाच.

गुरुवारी सकाळी तू पेटी घेऊन निघालीस. जावईबापू स्टँडवर थांबले होते. पेटीची कडी मोडकी होती म्हणून तू तिला गोठ्यातलं दावं गुंडाळलं होतंस. बाबा फाटकापाशी आले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी वाकून गाठ सोडली, दावं हातावर गुंडाळलं आणि एक शब्द न बोलता आत गेले. तू तशीच उभी होतीस. मग उघड्या पेटीचं झाकण हातानं दाबून धरून चालायला लागलीस.

तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. गोठ्याच्या आढ्याला विकलेल्या प्रत्येक जनावराचं दावं टांगलेलं तू लहानपणापासून बघितलंस. जनावर द्यायचं, दावं द्यायचं नाही, म्हणजे दावण रिकामी होत नाही. रविवारी खोड सांगितली, गुरुवारी दावं काढून घेतलं. म्हणजे सौदा झाला. तुला तसंच वाटलं ना?

आता माझं ऐक. मी आत गेलो तर ते गव्हाणीपाशी तोंड लपवून रडत होते. गळा दाटला की त्यांना बोलता येत नसे, म्हणून ते फाटकात बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी कोऱ्या दोरीचं भेंडोळं माझ्या हातात दिलं. तू जाणार हे वहिनींकडून कळल्यावर ती त्यांनी आदल्या दिवशी दोर वळणाऱ्याकडून खास तुझ्या पेटीसाठी आणली होती. म्हणाले, "पळ. तिला ही दे, पेटी बांध. आणि सांग, तिचं दावं मी गोठ्यात नाही टांगणार, घरात टांगीन, चुलीपाशी. विकल्याचं गोठ्यात असतं. ती घरची आहे. जागा तिचीच आहे, तिला वाटेल तेव्हा यावं. एवढं नीट सांग."

मी पळालो. गल्लीच्या टोकाशी पोचलो आणि मनात आलं, वळूच्या कोंडवाड्याची कडी लावली का? लावली नसेल तर? मी परत गेलो.

कडी लावलेली होती.

स्टँडवर पोचलो तेव्हा तुमची गाडी वळण घेत होती. मला तिची मागची काच दिसली, बाकी काही नाही.

घरी आलो. ते फाटकातच उभे होते. "भेटली?" मी 'हो' म्हणालो. का म्हणालो ते देव जाणे. त्यांचा चेहरा बघवत नव्हता, असं मी मनाला सांगत आलोय. पण तेवढंच नव्हतं. एवढं एकच फाटक मला दिलं होतं आणि तेही मी सांभाळलं नाही, हे कबूल करायची हिंमत झाली नाही. "काय म्हणाली?" मी म्हणालो, "हसली. पेटी बांधली. म्हणाली, बाबांना सांगा, जागा राखून ठेवा, मी येईन."

त्यांनी त्याच दिवशी चुलीच्या भिंतीत खिळा ठोकला.

मग दर थोड्या दिवसांनी विचारायचे, "कडी, काय म्हणाली होती रे ती? परत सांग." मी परत सांगायचो. सांगून सांगून त्यात भर पडली. तू वळून हात केलास. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या तोंडून ते असं यायला लागलं की मलाच कधीकधी खरं वाटायचं. 'तिला पत्र लिही' असं ते मला कधी का म्हणाले नाहीत, हे तुला आता कळेल. त्यांना वाटायचं, निरोप पोचलाय, पोरगी येईन म्हणालीय. म्हणायचे, "घाई नको करायला. अडते ती. तिची ती निघेल."

आणखी एक आहे. जावईबापू दर वर्षी वहिनींना पत्र पाठवतात. पाचव्या वर्षी त्यात एक ओळ होती. 'बाबांनी दावं काढून घेतलं तेव्हा मला विकून टाकलं, असं ती अजून म्हणते.' दोघं समोर बसले होते. मी ती ओळ सोडून पुढची वाचली. हवापाण्याची होती.

तू गेल्यावर त्यांनी एक वाक्य म्हणायचं सोडलं. खोड सांगून दिलेलं कधी परत येत नाही, ते.

शेवटच्या सकाळी, पाणी मागायच्या आधी, त्यांनी तेच विचारलं. "काय म्हणाली होती?" मी सांगितलं. "जागा राखून ठेवा, मी येईन." ते म्हणाले, "राखलीय."


२७ जानेवारी

चि. मापाडीस अनेक आशीर्वाद. आता ते लिहितो, तू घे किंवा नको घेऊ.

मागची चारही पत्रं घरातच होती. टाकायचा धीर होत नव्हता. भीती तुझी नव्हती, वहिनींची होती. कळल्यावर मला खोली सोडायला सांगतील, या वयात कुठं जाऊ, हेच डोक्यात. मग वाटलं, ज्या माणसानं माझी खोड दारातच सांगून मला घरात घेतलं, त्याच्या घरात मी खोड लपवून राहिलो. काल दुपारी स्वयंपाकघरात जाऊन त्यांना चारही पत्रं वाचून दाखवली. एकही ओळ सोडली नाही.

त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला नाही. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, "एकोणीस वर्षं घास उतरला कसा हो तुमच्या घशाखाली, भाऊजी?"

मी म्हणालो, "वहिनी, मी सामान आवरतो."

"कुठं निघालात? गाय काय मी बघू या वयात? गाभण आहे ती." आणि भिंतीवरच्या दाव्याकडे बघत राहिल्या. रोज त्याच्यावरची काजळी पुसतात त्या. मी एकदा ते सरपण बांधायला घेतलं तर बाबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले होते. मग वहिनी म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोललात ते वाईटच केलंत. पण ते त्या खोट्यावर फार सुखानं जगले. मी बघितलंय. त्याचं काय करायचं, मला कळत नाही. पोरीला मात्र कळलंच पाहिजे." आणि मला ताट वाढलं. मी जेवलो. मीठ जास्त होतं. बहुतेक मुद्दाम.

आज सकाळी पुडकं घेऊन निघालो तर त्या चप्पल घालून दारात. "तुम्ही नका येऊ, वहिनी, ऊन आहे." म्हणाल्या, "गेल्या वेळी तुम्हाला एकट्याला पाठवलं होतं."

आता टपालकचेरीच्या बाकावर बसून हे शेवटचं लिहितोय. त्या शेजारी बसल्या आहेत, पुडकं त्यांच्या मांडीवर. माझ्याकडे दिलेलं नाही. मला मघापासून वाटतंय, गोठ्याची कडी लावली का? पण उठणार नाही.

पुडक्यात कोरी दोरी आहे. एकोणीस वर्षं माझ्या गादीखाली होती, एकदाही गाठ मारलेली नाही. ती तुझी आहे, तेव्हाच पोचायला हवी होती. जुनं दावं पाठवत नाही. ते चुलीजवळ आहे, तिथंच राहील.

पोरी, त्या माणसानं मला घर दिलं, काम दिलं, आणि तुझ्यासारखं लेकरू काका म्हणायला दिलं. त्याला मी बदल्यात एक खोटं वाक्य दिलं. ते मी तुझ्या तोंडी घातलं. आता ते खरं करायचं की नाही, ते तुझ्या हातात आहे. गाय पुढच्या महिन्यात विणार आहे. वासराचं माप घ्यायला इथं कुणी नाही, वहिनींना आता नीट दिसत नाही आणि माझा हात थरथरतो.

मला शिव्या दिल्यास तरी चालेल, मी त्या वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवीन, गाळणार नाही. पण लिही. एकच ओळ लिही, जावईबापूंच्या अक्षरात नको, तुझ्या. आमची दोघांची वयं बघ आणि लवकर लिही.

तुझा
कडीकाका